वाचक विचारतात : मार्च उजाडताच संघ का मोडायचे?

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतल्या अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांमागचा घोळ एकच आहे : आकडे वाचले जातात, तारखा वाचल्या जात नाहीत. त्या काळात संघ कसा आहे हे विचारून भागत नाही, तो कोणत्या आठवड्यातला आहे हेही विचारावं लागतं.

प्रश्न : इलिनॉय विद्यापीठाने १९४२-४३ च्या हंगामात १८ पैकी १७ सामने जिंकले. तरी त्या वर्षीच्या विजेत्यांत त्यांचं नाव नाही. स्पर्धेत ते कोणाकडून हरले?

हरले नाहीत, ते स्पर्धेत उतरलेच नाहीत. अँडी फिलिप, जीन व्हॅन्स, केन मेंकी, जॅक स्मायली आणि आर्ट मॅथिसन या पाच जणांना ‘व्हिझ किड्स’ म्हणत. बिग टेन या विद्यापीठांच्या गटातले बाराही सामने त्यांनी जिंकले होते. मार्चच्या सुरुवातीला पाचांपैकी तिघांना सैन्याचं बोलावणं आलं. उरलेल्यांनी राखीव खेळाडूंना घेऊन स्पर्धेला जायचं नाही असं ठरवलं.

हे नेमकं त्याच हंगामात का घडलं, याचं उत्तर भरतीच्या कायद्यात आहे. १९४० च्या कायद्यात किमान वय २१ होतं, म्हणजे कॉलेजमधली बहुतेक मुलं त्यातून सुटत. पर्ल हार्बरनंतर ते २० झालं आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये १८. कॉलेजचा हंगाम डिसेंबरात सुरू होतो. तेव्हा १९४२-४३ हा पहिला हंगाम असा, ज्यात संघातला जवळजवळ प्रत्येक मुलगा भरतीच्या वयात बसत होता. वेळापत्रक आदल्या वर्षीच्या हिशेबाने लावलेलं आणि माणसं नव्या कायद्याच्या हाताखाली! नावनोंदणी, वैद्यकीय तपासणी, बोलावणं यांत काही आठवडे जात; त्यामुळे हंगामाची सुरुवात भरल्या संघाने व्हायची आणि ऐन बाद फेरीच्या तोंडावर तो रिकामा व्हायचा.

इलिनॉयचा त्या हंगामातला एकमेव पराभव कॅम्प ग्रँटकडून झाला. ही लष्करी छावणी, कॉलेज नव्हे. अशा तळांच्या संघांत पदवी घेऊन बाहेर पडलेले नामांकित खेळाडू, कधी व्यावसायिकही असत. ग्रेट लेक्स आणि नॉरफोक इथल्या नौदल केंद्रांचे संघ तर भल्याभल्या कॉलेजांना जड जात. म्हणून जुन्या निकालांत ‘कॅम्प’, ‘नेव्हल स्टेशन’ किंवा ‘प्री-फ्लाइट’ (वैमानिकांचं प्रशिक्षण केंद्र) असं नाव दिसलं, तर तो पराभव विसाव्या वर्षाच्या मुलांचा पंचविशीतल्या पुरुषांकडून झालेला आहे, हे ध्यानात ठेवावं.

फिलिप मरीन दलात अधिकारी होऊन इवो जिमाला लढला. युद्धानंतर ही मंडळी १९४६-४७ ला पुन्हा कोर्टवर आली, पण गटाचं विजेतेपद त्या वर्षी विस्कॉन्सिनकडे गेलं.

प्रश्न : कॉलेज क्रीडासंघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, १९४४ च्या स्पर्धेत अंतिम सामन्यात डार्टमथकडून खेळलेला डिक मॅग्वायर त्याच हंगामात सेंट जॉन्सकडूनही खेळला, असं वाचलं. एका हंगामात दोन कॉलेजं? ही फसवणूक नव्हती का?

नव्हती. तो नौदलाच्या हुकमावर गेला होता.

जुलै १९४३ पासून नौदलाने ‘व्ही-१२’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. भावी अधिकाऱ्यांना १३१ कॉलेजांत ठेवून शिकवायचं, त्यांच्या अंगावर गणवेश, पगार नौदलाचा आणि वर्ग मात्र नेहमीच्या विद्यार्थ्यांबरोबर. या मुलांना कॉलेजच्या संघातून खेळायला मुभा होती. भूदलाचा असाच ‘एएसटीपी’ नावाचा कार्यक्रम होता. तिथे मात्र कॉलेजच्या संघातून खेळायला मनाई. एवढ्या एका फरकाने कॉलेजांचं नशीब पालटलं. ज्याच्या आवारात नौदल आलं त्याला आयते खेळाडू मिळाले, ज्याच्या आवारात भूदल आलं त्याच्याकडे शेकडो तरणीबांड मुलं फिरत असूनही संघाला माणूस मिळेना. डार्टमथकडे व्ही-१२ ची देशातली सर्वांत मोठी तुकडी होती. म्हणून त्या वर्षी त्यांच्या संघात सेंट जॉन्सचा मॅग्वायर, कॉर्नेलचा बॉब गेल आणि न्यू यॉर्क विद्यापीठाचा हॅरी लेगॅट हे तिघेही दिसतात. गंमत अशी की मॅग्वायर गेल्यावरही सेंट जॉन्सने त्या वर्षी एनआयटी ही निमंत्रितांची स्पर्धा जिंकली.

आता तारखांकडे या. व्ही-१२ चं सत्र सोळा आठवड्यांचं, वर्षाला तीन : १ जुलै, १ नोव्हेंबर आणि १ मार्चला सुरू होणारी. बास्केटबॉलचा हंगाम डिसेंबर ते मार्च. म्हणजे सत्र बदलायचं ते बरोबर हंगामाच्या शेवटच्या टप्प्यावर. सत्र संपलं की मुलगा पुढच्या तळावर. फेब्रुवारीअखेर एखाद्या संघाचा खेळ अचानक ढेपाळलेला दिसला, तर प्रशिक्षकाला दोष देण्याआधी त्या कॉलेजात व्ही-१२ होतं का, हे तपासावं. उलटही घडे : मार्चमध्ये अनोळखी नावं यायची आणि संघ सुधारायचा. फेब्रुवारीतली आणि मार्चमधली नावं शेजारी मांडली की अर्ध्या शंका तिथेच फिटतात.

प्रश्न : युटा १९४४ मध्ये पहिल्याच फेरीत हरूनही विजेते कसे झाले?

कारण स्पर्धा दोन होत्या. एनआयटी १९३८ ची, एनसीएए १९३९ ची. दोन्ही मार्चमध्येच. आज एनसीएएचा दबदबा आहे, तेव्हा पारडं एनआयटीकडे झुकलेलं असे; न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, तिथली वर्तमानपत्रं आणि तिकीटविक्रीतून मिळणारा पैसा हे त्याचं कारण. एनसीएएत तेव्हा फक्त आठ संघ असत, चार पूर्वेचे आणि चार पश्चिमेचे.

युटाला दोन्हींची आमंत्रणं होती. त्यांनी एनआयटी निवडली आणि केंटकीकडून ४६-३८ असे हरले. सामान बांधायची वेळ आली. इकडे एनसीएएत जाणाऱ्या अर्कान्सास संघाच्या गाडीला रस्त्यात अपघात झाला. संघाबरोबरचा एक शिक्षक मरण पावला, दोन मुख्य खेळाडू जबर जखमी झाले आणि संघाने माघार घेतली. रिकामी जागा युटाला देऊ केली गेली.

पुढचं सगळं रेल्वेच्या वेळापत्रकावर बेतलेलं. न्यू यॉर्कहून कॅन्सस सिटी. तिथे लागोपाठ दोन रात्री दोन सामने, मिसुरीवर ४५-३५ आणि आयोवा स्टेटवर ४०-३१. लगेच उलट न्यू यॉर्कची गाडी. २८ मार्चला गार्डनमध्ये डार्टमथविरुद्ध अंतिम सामना. शेवटच्या काही सेकंदांत मॅग्वायरच्याच बास्केटने ३६-३६ अशी बरोबरी झाली आणि सामना जादा वेळेत गेला. तीन सेकंद उरले असताना हर्ब विल्किन्सनने लांबून मारलेला चेंडू आत पडला : ४२-४०. पहिल्या वर्षाला असलेल्या आर्नी फेरिनने २२ गुण केले होते.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मुख्य संघात, यातही युद्धाचा हात आहे. एरवी बहुतेक गटांत पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात बंदी असे, त्यांचा वेगळा संघ असायचा. माणसंच उरली नाहीत तेव्हा ठिकठिकाणी ही बंदी उठवली गेली. युटाचा संघ जवळजवळ अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांचा होता, प्रशिक्षक व्हॅडल पीटरसन. त्यांची स्वतःची व्यायामशाळा लष्कराने ताब्यात घेतली होती, त्यामुळे सराव चर्चच्या लहान हॉलमध्ये चालायचा. ज्यांनी असा सराव केला आहे त्यांना कळेल : छत बुटकं असलं की उंच कमानीचा फटका घोटवता येत नाही, आणि भिंत रेषेला खेटून असली की मुलं धावत आत शिरताना आपोआप वेग कमी करतात. मोठ्या कोर्टवर आल्यावर ही सवय मोडावी लागते.

प्रश्न : त्या संघातला वॉट मिसाका जपानी वंशाचा होता ना? मग तो बंदिवासाच्या छावणीत कसा नव्हता?

जपानी वंशाच्या लोकांना हलवलं गेलं ते पश्चिम किनाऱ्यालगतच्या निर्बंधित पट्ट्यातून. मिसाका युटातल्या ऑग्डनचा, आणि युटा त्या पट्ट्याबाहेर होतं. अर्थात त्याच राज्यात टोपाझची बंदिवासाची छावणी होती, हेही विसरू नये. १७० सेंटिमीटर उंचीचा हा गार्ड विजेतेपदानंतर अमेरिकी सैन्यात भरती झाला, परत येऊन १९४७ ची एनआयटी जिंकणाऱ्या युटा संघात खेळला आणि त्याच वर्षी न्यू यॉर्क निक्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं. तिथे त्याला तीनच सामने मिळाले.

प्रश्न : मी शारीरिक शिक्षण शिकवतो. मुलांना १९४३-४४ च्या नियमांनी एक प्रदर्शनी सामना खेळवायचा आहे. काय काय बदलावं लागेल?

फार काही विकत घ्यावं लागणार नाही. खडू किंवा चिकटपट्टी, शिट्टी आणि पंचांची तयारी पुरे.

आधी आखणी. त्या वेळी रिंगखालचा पट्टा फक्त ६ फूट रुंद होता. रिंगच्या मध्यातून बेसलाइनवर लंब टाका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ९१ सेंटिमीटरवर रेषा मारा, फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत. वरचं वर्तुळ आहे तसंच, ६ फूट त्रिज्येचं. अरुंद पट्टा आणि वर रुंद वर्तुळ असा किल्लीच्या भोकासारखा आकार दिसेल. तो दिसला नाही तर माप चुकलं असं समजा. तीन गुणांची रेषा झाकून टाका. रिंगची उंची तीच, ३.०५ मीटर.

वेळ : २० मिनिटांचे दोन भाग, बरोबरी झाल्यास ५ मिनिटं जादा. चेंडू मारायला वेळेचं बंधन नाही, पण १० सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची आणि पट्ट्यात ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. हे दोन नियम तेव्हाही होते. बास्केट झाल्यावर मध्यभागी उडी नाही. ती प्रथा १९३७ मध्येच संपली.

चौथ्या फाउलला खेळाडू बाद. पाचवा फाउल १९४४-४५ पासून मिळू लागला. बदली खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करायची मोकळीकही त्याच हंगामापासूनची, म्हणून तुमच्या सामन्यात बदल्यांवर मर्यादा ठेवा. आणि मुलांना सर्वांत जड जाणारी गोष्ट : टाइम-आउटमध्ये प्रशिक्षकाने खेळाडूंशी बोलायचं नाही. ती परवानगी १९४८-४९ ला आली. डाव कर्णधारानेच ठरवायचा. तुम्ही बाकावर हाताची घडी घालून बसा. पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या लक्षात येईल की आपण किती बोलतो.

खाली येणारा चेंडू रिंगवरच अडवणं, म्हणजे गोलटेंडिंग, १९४३-४४ मध्ये चालत असे. ओक्लाहोमा ए अँड एमचा सात फुटी बॉब कर्लंड रिंगखाली उभा राहून प्रतिस्पर्ध्यांचे फटके वरच्या वर उडवून लावायचा. म्हणूनच पुढच्या हंगामापासून त्यावर बंदी आली. तुमच्या मुलांत तेवढी उंची नसेल तर या नियमाचा परिणाम दिसणार नाही, तो सोडून दिला तरी चालेल.

हमखास बिघडतं ते दोन ठिकाणी. आघाडी मिळाली की मुलं चेंडू फिरवत बसतात आणि खेळ मरतो. तो नियमाचा दोष आहे आणि तेव्हाही होता, तेव्हा त्यात ढवळाढवळ करू नका. दुसरं, पंच सवयीने पाचव्या फाउलपर्यंत थांबतात. गुणलेखकासमोर फाउलच्या चारच चौकटी आखलेला कागद ठेवा. फटक्यांचं म्हणाल तर जमिनीवर पाय रोवून दोन्ही हातांनी मारलेला ‘सेट शॉट’ तेव्हा सर्रास होता. स्टॅनफर्डच्या हँक लुइसेटीने १९३६ मध्ये गार्डनला एका हाताचा फटका दाखवला होता, वायोमिंगचा केनी सेलर्स उडी मारून फेकायचा. पण अशी माणसं मोजकी. मुलांना दहा मिनिटं नुसता दोन हातांचा फटका मारू द्या, मग १९४३ च्या एनसीएए अंतिम सामन्याचा निकाल ४६-३४ का होता ते विचारायची गरज राहणार नाही.

प्रश्न : रबर आणि पेट्रोलच्या टंचाईचा खेळावर खरंच परिणाम झाला, की ते नंतर रंगवून सांगितलं जातं?

झाला, पण सगळीकडे सारखा नाही. १९४२ च्या सुरुवातीला मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानकडे गेले आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा मुख्य पुरवठा तुटला. चेंडूचं वरचं आवरण चामड्याचं, पण आतला फुगा रबराचा. बुटांचे तळवेही रबराचे. नवा माल मिळेना तेव्हा जुन्यालाच ठिगळ लावायचं. फुग्याला एका बाजूला ठिगळ बसलं की वजन तिकडे जातं आणि चेंडू हवेत हेलकावे खातो. झडपेच्या बुडाशी भोक पडलं असेल तर ठिगळ धरतच नाही. चामड्याची शिवण उसवली की तेवढ्या जागी उसळी मरते, आणि ओलाव्याने चामडं जड होतं. चेंडू नियमाने २० ते २२ औंसांत बसायला हवा, पण शेवटच्या महिन्यातल्या सरावाच्या चेंडूला कोण तराजूत घालतो? चामड्याच्या बुटांवर फेब्रुवारी १९४३ पासून माणशी वर्षाला तीन जोडांची मर्यादा होती.

पेट्रोलची चणचण मात्र खेळाडूंपेक्षा प्रेक्षकांना भोवली. डिसेंबर १९४२ पासून देशभर शिधावाटप. साध्या ‘ए’ शिक्क्याच्या गाडीला आठवड्याला सुमारे ४ गॅलन, पुढे ३. शिवाय वेगमर्यादा ताशी ३५ मैल. गॅलनला १५ मैल धरले तर आठवड्याची धाव साठेक मैल, तीही बाकी सगळी कामं सोडून. पूर्वेकडच्या राज्यांत तर जानेवारी १९४३ पासून मौजेखातर गाडी चालवायलाच बंदी होती. खेड्यातल्या कॉलेजाचं मैदान यामुळे ओस पडलं. गार्डन मात्र तुडुंब, कारण तिथे लोक भुयारी रेल्वेने यायचे. एका तिकिटात दोन सामने ही तिथली रीत १९३४ पासूनची. १९४३ ते १९४६ हे चारही अंतिम सामने गार्डनमध्ये झाले, यात नवल नाही.

प्रश्न : कृष्णवर्णीय कॉलेजांचे संघ या स्पर्धांत का दिसत नाहीत?

त्यांना दारं बंद होती, आणि दक्षिणेत गोऱ्या संघाबरोबर खेळणंही वर्णभेदाच्या व्यवस्थेत बसत नसे. तरी १२ मार्च १९४४ च्या रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, डरहॅममध्ये एक सामना झाला. एका बाजूला जॉन मॅक्लेंडन यांचा नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर निग्रोजचा संघ, दुसऱ्या बाजूला ड्यूकच्या वैद्यकीय शाखेतले लष्करी विद्यार्थी. दाराला कुलूप, प्रेक्षक नाहीत. मॅक्लेंडन यांच्या मुलांनी ८८-४४ असा सामना जिंकला. धावत पळत खेळणारा संघ पुढे ठेवला तर त्या काळातही ऐंशीच्या वर गुण होत होते, हे वरच्या शिक्षक-वाचकानेही टिपून ठेवावं. नंतर दोन्हीकडचे खेळाडू मिसळून आणखी एक डाव झाला. ही गोष्ट कित्येक दशकं बाहेर आली नाही.

प्रश्न : एकाच संघाचे जय-पराजयाचे आकडे दोन ठिकाणी वेगळे का? आणि डीपॉलच्या जॉर्ज मायकनचे एका सामन्यात ५३ गुण ही छपाईची चूक आहे का?

आकडे वेगळे येतात कारण लष्करी तळांविरुद्धचे सामने कोणी धरतं, कोणी सोडतं. रेड क्रॉसच्या मदतीसाठीचा सामनाही असाच लोंबकळतो. १९४३ ते १९४५ अशी तीन वर्षं एनसीएएचा आणि एनआयटीचा विजेता गार्डनमध्ये एकमेकांशी भिडले. वायोमिंगने सेंट जॉन्सला जादा वेळेत ५२-४७ हरवलं, युटाने सेंट जॉन्सलाच ४३-३६, आणि ओक्लाहोमा ए अँड एमने डीपॉलला ५२-४४. तिन्ही वेळा एनसीएएचाच विजेता जिंकला. कोणत्याही संघाची बेरीज जुळत नसेल तर आधी हा सामना वजा करून बघा, मग तळांचे.

जुन्या गुणपत्रकात प्रत्येक नावापुढे साधारण चार रकाने असतात : फील्ड गोल, फ्री थ्रो, फाउल, एकूण. पहिल्याची दुप्पट अधिक दुसरा म्हणजे चौथा. ८, ३, २, १९ असं दिसलं तर १६ अधिक ३, बरोबर. फाउलचा आकडा बेरजेत धरून लोक गोंधळतात. तिसऱ्या रकान्यात १९४३-४४ पर्यंत ४ आणि नंतर ५ दिसला, तर तो खेळाडू शेवटपर्यंत कोर्टवर नव्हता.

मायकनचे ५३ खरे आहेत. १९४५ च्या एनआयटीच्या उपांत्य सामन्यात डीपॉलने ऱ्होड आयलंड स्टेटला ९७-५३ असं हरवलं. म्हणजे समोरच्या अख्ख्या संघाइतके गुण एकट्याने. तो २०८ सेंटिमीटर उंच, कर्लंड २१३. सैन्याची कमाल उंची ६ फूट ६ इंच, म्हणजे १९८ सेंटिमीटर असल्यामुळे दोघेही भरतीत बसले नाहीत. सहा फुटी पट्टा, ठेंगणे प्रतिस्पर्धी आणि संघ मोडण्याची भीती नाही. पण त्याच महिन्यात रेड क्रॉसच्या सामन्यात कर्लंडसमोर मायकन चौदा मिनिटांतच पाच फाउल होऊन बाहेर गेला. त्या गुणपत्रकातला तिसरा रकाना अवश्य पाहा.